घोडा शिकतो ते आपण सोडतो तेव्हा

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

आजचा भाग घोडेस्वारीवर आहे, आणि त्यातही एकाच गोष्टीवर: ज्याला सगळे 'फील' म्हणतात ते नक्की काय असतं, आणि ते शिकता येतं का?

राइडिंग शिकणाऱ्या कुणालाही विचारा, हा शब्द त्यानं ऐकलेला असतो. "तुला अजून फील येत नाहीये." "त्याचं काय, त्याला उपजतच फील आहे." एवढं बोलून विषय संपतो. शिकणारा बिचारा रिंगणात गोल गोल फिरत राहतो आणि हे फील कधी तरी आकाशातून पडेल याची वाट बघतो.

आपल्या भाषेत याच्या जवळपासचे शब्द जुनेच आहेत. 'हात हलका आहे' म्हणतो आपण. 'मांड पक्की आहे' म्हणतो. घोड्याला शिकवून तयार करणाऱ्याला 'चाबूकस्वार' असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे हे एक कसब आहे, ते कुणाकडून तरी शिकायचं असतं, हे आपल्याकडे ठाऊक होतं. मी गेली काही वर्षं पुण्याजवळ सकाळी राइडिंग शिकते आहे. त्यातून आणि थोड्या वाचनातून माझं जे मत झालंय ते आधीच सांगून टाकते. फीलमध्ये गूढ काही नाही. घोड्यात होणारा छोटा बदल वेळेवर कळणं, आणि त्याला वेळेवर उत्तर देणं, एवढंच ते आहे. ते कमावता येतं. आणि आपण ते कमावलं नाही तर त्याची किंमत आपल्याआधी घोडा मोजतो.

आता सुरुवात घोड्याच्या बाजूनं करू, कारण फील त्याच्याकडे आधीपासून आहे.

घोड्याच्या अंगावर माशी बसली की तिथली कातडी थरथरते, हे आपण सगळ्यांनी टांग्याच्या घोड्यावर किंवा माथेरानला पाहिलेलं असतं. एका माशीचं वजन ते किती! ते त्याला कळतं, आणि नेमकं कुठे बसली तेही कळतं. मग त्याच अंगावर पन्नास-साठ किलोचा माणूस बसून डावीकडे झुकला, श्वास रोखला, मांड्या आवळल्या, तर ते त्याला कळणार नाही का? डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. नाकाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीच्या थेट मागचा भाग तेवढा सुटतो. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना वळतात. हा शिकार होणारा प्राणी आहे. बारीक बदल टिपणं हा त्याचा जीव वाचवायचा मार्ग होता.

याचं सगळ्यात भारी उदाहरण बर्लिनमधलं आहे. विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे गणिताचे निवृत्त शिक्षक होते. त्यांचा हान्स नावाचा घोडा बेरजा, वजाबाक्या, तारखा वगैरेंची उत्तरं खूर आपटून द्यायचा. सात अधिक पाच विचारलं की बारा वेळा खूर. १९०४ साली तज्ज्ञांची समिती बसली, आणि तिला कुठलीही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं नीट प्रयोग केले आणि १९०७ साली निष्कर्ष मांडले. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सचं उत्तर चुकायचं. विचारणारा हान्सला दिसत नसेल तरी चुकायचं. म्हणजे हान्स गणित करतच नव्हता. प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे बघायला नकळत किंचित वाकायचा, आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं नकळत जरासं वर यायचं. हान्स तेवढ्यावर थांबायचा.

ही गोष्ट बहुतेक वेळा 'घोड्याला गणित येत नव्हतं' म्हणून सांगितली जाते. स्वारानं ती उलटी ऐकायला हवी. विद्वानांच्या समितीला जे दिसलं नाही ते घोड्याला दिसत होतं. आणि त्याहून मोठी गंमत अशी की हा प्रकार उलगडल्यावरही फुंग्स्टला स्वतःच्या डोक्याची ती हालचाल पूर्णपणे थांबवता येईना. म्हणजे आपण घोड्याशी सतत बोलतच असतो. काय बोलतोय ते आपल्यालाच माहीत नसतं.

म्हणून फीलची पहिली पायरी आपल्या बाजूचा गोंगाट कमी करण्याची. मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी आहे, आणि आमच्यासारख्यांचं शरीर ठरावीक प्रकारे आखडलेलं असतं. खांदे वर, कंबर ताठर, मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला, श्वास छातीत अडकलेला. असं शरीर खोगिरावर बसलं की घोड्याला अखंड 'चल, थांब, चल, थांब' असं काहीतरी ऐकू येत असणार. रोज अशीच बडबड ऐकून तो एक दिवस कान बंद करतो. मग आपण म्हणतो, हा घोडा टाचेला ऐकतच नाही.

आता शिकवण्याकडे येऊ. घोडा नक्की शिकतो कशातून?

समजा तुम्ही जमिनीवर उभे आहात, घोड्याच्या तोंडावर हॉल्टर आहे, म्हणजे आपली मोहरकी, आणि हातात दोरी. तुम्हाला त्याला एक पाऊल मागे न्यायचंय. दोरीवर थोडा दाब दिला. काही झालं नाही. तोच दाब ठेवला, हळूहळू वाढवला. घोडा मान वर करेल, बाजूला जाईल, पुढे ढकलेल. तो शोधतोय की हा दाब कशानं जाईल. मग एका क्षणी त्याचं वजन किंचित मागे सरकतं. पाऊल अजून उचललेलं नाही, फक्त छाती जरा मागे गेली. त्या क्षणी तुमची बोटं उघडली पाहिजेत. दोरी सैल. त्याला उत्तर सापडलं.

दाबानं घोडा अस्वस्थ होतो, आणि दाब गेला की त्याच्या मनात नोंद होते, 'हां, हे केलं की ते जातं.' मानसशास्त्रात याला निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात. नाव ऐकून ती शिक्षा वाटते, पण इथे निगेटिव्ह म्हणजे फक्त वजाबाकी. काहीतरी काढून घेतल्यामुळे वागणं पक्कं होतं. लगाम, टाच, बैठक, हे बहुतेक सगळं याच तत्त्वावर चालतं. दाब हा प्रश्न असतो. घोडा शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणाला.

आता यात तीन प्रकारे गडबड होऊ शकते.

पहिली, दाब सुटतच नाही. घोडा थांबला तरी लगाम ताणलेलाच, चालायला लागला तरी टाच मारणं चालूच. त्यानं बरोबर केलं काय, चूक केलं काय, सारखंच. मग तो उत्तर शोधणंच सोडून देतो. त्याला आपण 'तोंडाचा कडक' म्हणतो, 'आळशी' म्हणतो.

दुसरी, दाब चुकीच्या वेळी सुटतो. घोड्यानं मान झटकली, लगाम हातातून निसटला. त्याच्या दृष्टीनं मान झटकणं हेच बरोबर उत्तर ठरलं. उद्या तो पुन्हा झटकणार. तो तुम्ही शिकवलेलंच करतोय.

तिसरी, दाब एकदम आणि फार. आधी काहीच नाही, मग अचानक जोरात झटका. घोडा भितो, आणि भीतीत पळण्यापलीकडे काही शिकत नाही.

यातली मधली गडबड मला सगळ्यात जास्त सतावते, कारण तिचा हिशेब सेकंदात आहे. आमच्या क्षेत्रात लेटन्सी म्हणतात, सिग्नल आला आणि उत्तर गेलं यातला उशीर. घोड्याच्या बाबतीत एका सेकंदाचा उशीर फार मोठा असतो. तेवढ्यात त्यानं वजन मागे नेलेलं असतं, पुन्हा पुढे आणलेलं असतं आणि मान वळवलेली असते. तुम्ही नेमकं कशाला 'हो' म्हणालात, हे त्यानं कसं ओळखायचं? म्हणून जाणकार माणसं बदल पूर्ण व्हायची वाट बघत नाहीत. बदल सुरू होताना त्यांना कळतो.

ही दृष्टी आधुनिक काळात सगळ्यात ठळकपणे मांडली ती अमेरिकेतल्या गुरं राखणाऱ्या माणसांनी. ऑरेगन राज्यातल्या रँचवर वाढलेले दोन भाऊ, बिल आणि टॉम डॉरन्स. बिल १९०६ चे, टॉम १९१० चे. तिथे तेव्हा तरुण घोडा 'मोडायचा' अशीच भाषा होती. बांधा, चढा, तो उड्या मारून दमेपर्यंत बसून राहा. या भावांनी दुसरी वाट धरली. घोड्यानं केलेला अगदी बारीकसा प्रयत्न ओळखायचा आणि त्याच क्षणी त्याला मोकळं सोडायचं. त्यांच्याकडून रे हंट शिकले, आणि त्यांनी गावोगाव शिबिरं घेऊन हे लोकांपर्यंत नेलं. हंट यांच्याकडून बक ब्रॅनमन शिकले, त्यांच्यावरची 'बक' ही डॉक्युमेंटरी २०११ साली आली. ती मिळाली तर जरूर बघा. टॉम यांचं 'ट्रू युनिटी' १९८७ साली आलं. बिल यांचं पुस्तक १९९९ साली आलं, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती. त्याच्या नावातच फील हा शब्द आहे: 'ट्रू हॉर्समनशिप थ्रू फील'.

पण हे अमेरिकेत शोधलं गेलं असं समजू नका. ग्रीक लेखक झेनोफन यानं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर छोटा ग्रंथ लिहिला. रागात असताना घोड्याशी वागू नये, आणि जबरदस्तीनं करून घेतलेल्या हालचालीत समजही नसते आणि सौंदर्यही नसतं, हे त्यात आहे. म्हणजे माहिती जुनीच आहे. प्रत्येक पिढीला ती आपापल्या हातांनी नव्यानं मिळवावी लागते, एवढंच.

मग मिळवायची कशी? आता जरा कामाचं बोलू.

सुरुवात पावलांपासून करा. घोडा साधा चालतो, वॉक करतो, तेव्हा पावलं चार ठोक्यांत पडतात. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. दुडक्या चालीत, म्हणजे ट्रॉटमध्ये, दोन ठोके: एका बाजूचा मागचा आणि दुसऱ्या बाजूचा पुढचा एकत्र. कॅन्टरमध्ये तीन ठोके, आणि त्यानंतर चारही पाय हवेत असण्याचा एक क्षण.

हे डोळ्यांनी बघून कळणं किती कठीण आहे याचा पुरावा आहे. घोडा भरधाव पळताना चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, यावर लोकांचं एकमत नव्हतं. १८७८ साली एडवर्ड मायब्रिजनं कॅलिफोर्नियात पालो आल्टोला ओळीनं कॅमेरे लावले आणि तारांना धक्का लागून फोटो निघतील अशी सोय केली. पाय सुटतात हे सिद्ध झालं. आणि सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधीचे चित्रकार पुढचे पाय पुढे, मागचे मागे असे ताणून हवेत काढायचे, तसे नाही. म्हणजे हजारो वर्षं माणूस घोडा बघत आला, तरी डोळ्यांना हे पकडता आलं नव्हतं. पण कॅन्टरमधला तो हवेतला क्षण पाठीवर बसलेल्याला जाणवतो. कंबरेला जाणवतो. लक्ष दिलं तर.

तर लक्ष असं द्यायचं. प्रशिक्षकाला सांगा, घोडा लांब दोरीवर गोल फिरवा, म्हणजे लाँजिंग करा. लगामाची जबाबदारी तुमच्यावर नको. वॉकमध्येच. डोळे मिटा, आणि आतल्या बाजूचा मागचा पाय जमिनीवरून उचलला असं वाटलं की मोठ्यानं 'आता' म्हणा. प्रशिक्षक खालून सांगेल, बरोबर की चूक. पहिल्या दिवशी बहुतेकांचा 'आता' कुठेही पडतो. पण एक खूण आहे. डावा मागचा पाय पुढे यायला निघाला की तुमच्या डाव्या सीटखालची पाठ जराशी खाली जाते आणि घोड्याचं पोट उजवीकडे झोका घेतं. उजवा निघाला की उलट. पोटाचा झोका, सीटची हालचाल, झोका, हालचाल. पाळण्यासारखं. एकदा हे लागलं की तुम्हाला खाली बघावं लागत नाही.

यानं फायदा काय? तर जो पाय जमिनीवर वजन घेऊन उभा आहे तो हलू शकत नाही. तुम्ही त्या क्षणी टाच लावून 'हा पाय बाजूला घे' म्हणालात तर घोड्यानं करायचं काय? पाय सुटायच्या बेतात असताना सांगितलं तर त्याला ते जमतं, आणि कुजबुजल्याइतकंच सांगावं लागतं. पुष्कळदा घोडा 'ऐकत नाही' म्हणजे आपण त्याला अशक्य वेळी विचारत असतो. मग आपण तेच जोरात विचारतो. इथून चाबकापर्यंतचं अंतर फार थोडं आहे.

दुसरा सराव हातांचा, आणि त्याला घोडा लागतच नाही. दोन माणसं आणि एक लगाम. एकानं लगामाचं बिटकडचं टोक दोन्ही हातांत धरून डोळे मिटायचे, तो घोडा. दुसरा मागे उभा राहून लगाम धरतो, तो स्वार. स्वारानं फक्त करंगळीशेजारचं बोट मिटायचं. घोड्यानं 'कळलं' म्हणायचं. मग त्याहून कमी. मग त्याहूनही कमी. किती कमी दाब कळतो हे बघून माणसं चकित होतात. मग जागा बदला. घोड्याच्या जागी उभं राहून एखाद्यानं लगाम सतत ताणून धरला की किती वैताग येतो, हे कुठलंही व्याख्यान सांगू शकणार नाही. आणि लक्षात घ्या, आपल्या हातात ते हातात असतं, त्याच्या तोंडात असतं. बिट टेकतं ते जिभेवर आणि पुढच्या नि मागच्या दातांमधल्या मोकळ्या जागेत, जिथे हाडावर नाजूक आवरण आहे.

तिसरा सराव म्हणजे खरारा. हसू नका. स्वारी करायच्या आधी घोड्याला स्वतः खरारा करा, मोतद्दारांवर सोपवू नका. हात कुठे गेला की तो मान लांब करून सुखावतो, कुठे गेला की अंग चोरतो, कान कधी मागे जातो, श्वास कधी सुटतो. वीस मिनिटांत त्या दिवशीचा घोडा कळतो. कालचा घोडा आज नसतो.

आता मला जे खरं सांगायचं आहे तिथे येते. नुसतं फील पुरत नाही. त्याच्या जोडीला समज लागते.

मी जिथे शिकत होते तिथे एक कुमैत घोडी होती. तिला आपण चांदणी म्हणू. तंग कसायला लागलं की कान मागे पाडायची, दात दाखवायची. रिंगणात मान झटकायची. आणि डावीकडे कॅन्टर मागितला की करायचीच नाही. थांबायची किंवा उड्या मारायची. तिच्यावर शिक्का बसला होता, 'नखरेल'. नवशिक्यांना सांगितलं जायचं, तिला जिंकू देऊ नका, काठी हातात ठेवा. आणि बरेच दिवस हे चालल्यावर 'ही कामाची नाही, देऊन टाकू' अशी बोलणी सुरू झाली. शाळेतून देऊन टाकलेल्या तापट घोडीचं पुढे काय होतं, हे या क्षेत्रात असणाऱ्यांना सांगायला नको.

तिथे एक वयस्कर मोतद्दार आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांनी एक दिवस मला बोलावलं. म्हणाले, "ताई, बोलू नका. हात ठेवून बघा फक्त." जिथे खोगीर टेकतं तिथे, डाव्या बाजूला, त्यांनी माझा तळवा सपाट ठेवायला लावला. मग हलकेच मागे सरकवायला सांगितला. एका जागी तिची कातडी थरारली आणि पाठ हाताखालून अक्षरशः खाली गेली. डावा कान मागे वळला. उजव्या बाजूला तेच केलं, तिथे काही नाही. मामा म्हणाले, "ही नाही म्हणत नाहीये. दुखतंय म्हणतीये."

मग खोगीर उलटं करून पाहिलं. डावीकडचं आतलं भरण दबून दगडासारखं झालेलं. पशुवैद्यांना बोलावलं. त्यांनी तोंडही तपासलं. घोड्याची दाढ आयुष्यभर वर येत राहते आणि झिजत राहते, पण झीज सारखी झाली नाही तर कडांना धार येते, आणि त्या गालाला, जिभेला टोचतात. तिच्या तशाच होत्या. डॉक्टरांनी कानशीने घासून त्या सपाट केल्या, काही आठवडे आराम सांगितला, खोगीर बदलायला लावलं.

पुढे काय झालं? सिनेमासारखं नाही झालं. काठी मात्र बंद झाली. मान झटकणं लवकर कमी झालं. डावा कॅन्टर यायला बराच काळ गेला, आधी स्वाराविना, लाँजवर, मग हलक्या स्वारासह. आणि तंग कसताना ती आजही कान मागे करते. दुखणं गेलं, दुखण्याची आठवण राहिली. आम्ही तंग एक एक घर करत, मध्ये तिला चालवत कसतो. पण ती देऊन टाकली गेली नाही.

यात फील मामांच्या हातात होतं, आणि समज डॉक्टरांकडे होती. एकानं दुसऱ्याचं काम झालं नसतं. स्यू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वाराखालच्या घोड्याच्या वागण्यातल्या २४ खुणांची यादी तयार केली आहे: कान मागे ठेवणं, तोंड उघडं ठेवणं, शेपूट झटकणं, अडखळणं, अशा. त्यातल्या आठ किंवा अधिक एकत्र दिसल्या तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच मोठी, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मामांच्या तळव्याला जे कळत होतं, त्याचा काही भाग आता कागदावर उतरलाय आणि तो तुम्हा-आम्हाला शिकता येतो. नखरे म्हणण्याआधी ती यादी डोक्यात एकदा फिरवा.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. गर्दी नाचणाऱ्या घोड्याभोवती असते. मुरलेला घेणारा मात्र दात बघतो, पायांवरून हात फिरवतो आणि घोडा साधा चालवून दाखवायला सांगतो. घोडा जे सांगतो ते साध्या चालीत सांगतो.

शेवटी एक विचार. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार, ज्याचा घोडा स्वतःचा. आणि बारगीर, ज्याला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे. आज राइडिंग शिकणारे आपण बहुतेक सगळे बारगीर आहोत. घोडा आपला नाही. सकाळी सहाला मी, सातला दुसरं कुणी, आठला एखादं लहान मूल. माझ्या एका तासात मी जे काही शिकवते ते पुढच्या माणसाला मिळतं. मी लगाम उगाच ओढून ठेवला तर सात वाजता येणाऱ्याला कडक तोंडाचा घोडा मिळतो, आणि तो आणखी ओढतो. मी वेळेवर सोडला तर आठ वाजताच्या त्या लहान मुलाखालचा घोडा थोडा जास्त शांत असतो. घोड्याच्या पाठीवर 'मी फक्त बसले होते, शिकवत नव्हते' असं नसतं. प्रत्येक मिनिट तो काहीतरी शिकतच असतो.

तर या आठवड्यासाठी एवढंच. तुम्ही राइडिंग करत असाल तर पुढच्या वेळी नवीन काही शिकायचा हट्ट धरू नका. हेल्मेट घाला, दहा मिनिटं वॉक करा, आणि मागच्या पायाचा 'आता' शोधा. मग घोड्याला थांबायला सांगा आणि तो थांबायचा विचार करतोय असं वाटताच बोटं उघडा. तो थांबला तर ठीक. नाही थांबला तर पुन्हा विचारा, तेवढ्याच हळू आवाजात सुरुवात करून. दहा वेळा करा. अकराव्या वेळी तुम्ही विचारायच्या आधीच त्याचा एक कान तुमच्याकडे वळलेला दिसेल कदाचित. वळला तर मला जरूर कळवा.

आणि राइडिंग करत नसाल, तर लग्नाच्या वरातीत किंवा माथेरानला घोडा दिसला की त्याचे कान, तोंड आणि शेपूट एक मिनिट बघा. तो काय सांगतोय ते वाचून बघा. तेही शिकणंच आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर हात हलका ठेवा. नमस्कार.